सीमंतिनीचा पगार

माधवगंज, ग्वाल्हेर
बुधवार

ती. उषाताईंना गुरुप्रसादचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं अर्ध्यावरच थांबलं; पूर्ण समजून घ्यावं.) देवासला उकाडा कसा आहे? तुमचा गुडघा जिना चढू देतो का? माझं बरं चाललंय. तुमची धाकटी बहीण सीमंतिनी जाऊन येत्या एकादशीला पाच महिने होतील. तेवढ्या दिवसांत माझं वरण दोनदा करपलं आणि एकदा जमलं. जमलं त्या दिवशी जेवायला बसवेना.

लिहायचं कारण आमची वेबसाइट. आम्ही त्यावर नक्की विकतो काय, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. मी सांगितलेलं तुम्हाला कळलं नव्हतं (मलाही नव्हतं), म्हणून पुन्हा सांगतो. कुणाला घरावरची पाण्याची टाकी धुवून घ्यायची असली, की तो आमच्या साइटवर नाव-पत्ता भरतो किंवा फोन करतो. सीमंतिनी त्याच्याशी बोलून टाकी केवढी, जिना कुठून, कुत्रं आहे का, हे विचारून घ्यायची आणि टाकी धुणाऱ्या तिघांपैकी एकाला कळवायची. तो प्रत्येक नावामागे ऐंशी रुपये देतो. बस. ना दुकान, ना माल. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या भाच्याने, ध्रुवने, बंगळुरूला जाण्याआधी साइट बनवून दिली, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो की मी धंदा चालवतो.

ती गेल्यावर फोन माझ्याकडे आला. पहिल्याच महिन्यात मी घर नंबर अठराच्या जागी एक्याऐंशी लिहिलं आणि माणसं भलत्याच घराच्या गच्चीवर चढली. त्यांनी भरलेली टाकी रिकामी केली. खाली मुलीची हळद चालू होती, चाळीस पाहुणे, मुलगी अंगभर पिवळी, आणि नळाला थेंब नाही. मी तिथे पोचलो तेव्हा मुलीचे काका तोंडाला साबण लावून डोळे मिटून मला शिव्या देत होते. (डोळे मिटलेले होते म्हणून वाचलो.) टँकर माझ्या खर्चाने मागवला. घरी येऊन सीमंतिनीला सांगायला तोंड उघडलं, मग आठवलं.

त्याहून वाईट म्हणजे फोनवर लोक विचारत, "वो आंटी कहाँ हैं?" मी म्हणायचो, बाहर गई हैं. शिंदे की छावनीतल्या विजयाबाईंची टाकी वर्षातून एकदा धुतली जाते, पण त्या फोन दर आठवड्याला करायच्या. त्यांना मी सांगितलं, ती बहिणीकडे देवासला गेली आहे. तीन महिने तुमच्याकडे राहतेय ती, ताई. शेवटी विजयाबाई म्हणाल्या, "बहिणीकडे इतकं कोण राहतं? मला खरं काय ते सांगा." मी सांगितलं. मग दोन्ही बाजूंनी कुणी फोन ठेवेना.

तेव्हा ठरवलं, विकून टाकावी. घरोघर झुरळं-वाळवी मारणाऱ्या कंपनीचे विक्रमसिंह घ्यायला तयार झाले. हिशेब पाहायला त्यांची पुतणी उन्नती आली. पोरगी हुशार, मराठीत सुरुवात करते आणि हिंदीत पोचते. आमचं घराचं आणि धंद्याचं खातं एकच, म्हणून तिला सगळं उघडून दाखवावं लागलं. धंद्याच्या खर्चात गॅसचा सिलिंडर निघाला, माझा चष्मा निघाला, सत्यनारायणाचे नारळ निघाले. ती हसत हसत एकेक बाजूला काढत होती. दवाखान्याचं बिल आलं तेव्हा हसली नाही, नुसतं पान उलटलं.

महिन्याला सोळा हजार उरतात असं निघालं. अशा साइटला दोन वर्षांची कमाई देतात, म्हणजे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. मी मनात गच्चीवर शेडसुद्धा घातली. तेवढ्यात तिने विचारलं, "काका, ये कॉल्स कौन करता था?"

"सीमंतिनी."

"उनकी सैलरी कहाँ लिखी है?"

मी म्हटलं, "अगं, ती घरचीच."

"हो, पण उद्या आम्हाला माणूस ठेवावा लागेल ना. दस हज़ार तो लगेंगे." तिने सोळातून दहा वजा केले. राहिले सहा. किंमत झाली एक लाख चव्वेचाळीस.

ताई, उन्नती गेल्यावर मी रात्री गुणाकार केला. अकरा वर्षांचे तेरा लाख वीस हजार होतात. ज्याला मी नफा म्हणत होतो, त्यातला बराचसा सीमंतिनीचा न दिलेला पगार होता. तिने एकदाच काही मागितलं, स्वयंपाकघरात छोटा कूलर. मी म्हटलं होतं, मार्च जाऊ दे, मग बघू. धंद्याची शिस्त म्हणून! कोणत्या मार्चमध्ये, तेही आता आठवत नाही.

सकाळी विक्रमसिंहांना कळवून टाकलं की एवढ्यात विकणार नाही. तिचं काम वजा करून भाव देणारे आणखी कशाला; तिच्या कामाला शून्य धरणारा मी एकटाच पुरे आहे. साइट मीच चालवीन, पत्ते दोनदा विचारीन. तुम्ही काळजी करू नये.

आपला,
गुरुप्रसाद

ता. क. पत्र आठ दिवस टेबलावर राहिलं. सोमवारी साइट विकली. "वो आंटी कहाँ हैं?" याला रोज नवं उत्तर देणं जमेना. एक लाख चाळीसला, म्हणजे त्यांनी सांगितलं त्याहूनही चार हजार कमी. मी भाव केलाच नाही, त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली.

ता. क. दुसरा. साइटबरोबर तो फोन नंबरही गेला, हे मला सही केल्यावर उमगलं. आता घरात फोन वाजत नाही. माझा स्वतःचा नंबर खाली लिहितो आहे. काही काम नसलं तरी चारच्या सुमारास करत जा. काय बोलावं सुचलं नाही, तर टाकी केवढी आहे ते सांगा.