बुलाकीआडचं नाक

अव्वा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसलोय, राग धरू नकोस. चौथीत शाळा सुटली, पुढं पंक्चरच्या दुकानात सगळं आयुष्य गेलं, लिहिण्याची सवय लागलीच नाही. शिवाय तुला काय कळवावं, तेही सुचत नव्हतं. आता एक गोष्ट विचारायची आहे आणि विचारावं असं माझ्याहून मोठं माणूस घरात उरलेलं नाही.

माझ्या नातीचं, म्हणजे तुझ्या पणतीचं, परवा सोलापुरात नाकाचं ऑपरेशन आहे. आजार काही नाही. दोन नाकपुड्यांच्या मधे जी पट्टी असते, ती तिची खाली उतरलेली आहे. बाजूनं पाहिलं की लोंबल्यासारखी दिसते, अगदी माझ्यासारखी. पट्टीमागचं मऊ हाड जरासं कमी करायचं, पट्टी वर सरकवायची आणि टाके घालायचे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. समजलं, पण जीव थाऱ्यावर नाही. टाके ओले असताना शिंक आली तर? भुलीतून जाग उशिरा आली तर? मी घरात एवढंच म्हणालो की धडधाकट पोरीच्या नाकाला सुरी कशाला. मुलगा म्हणाला, "आप्पा, तुमी घोर लावून लावून तिलाच आजारी पाडाल. गप बसा जरा." ती मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "अज्जा, कुणी नावं ठेवली म्हणून करत न्हाय मी. मलाच माझं तोंड फोटोत बघवत न्हाय." आरशापुढं माझंही तेच व्हायचं.

माझ्या आधीची तुझी लेकरं जगली नाहीत. म्हणून मी झाल्यावर तू अणदूरच्या खंडोबाला नवस बोललीस आणि माझं नाक टोचून घेतलंस, मुलगी समजून काळानं सोडून द्यावं म्हणून. इतर पोरांची नाकपुडी टोचतात. तू सोनाराला मधली पट्टी दाखवलीस, तुझी बुलाक लोंबायची तिथंच. शाळेत जायच्या वयापर्यंत ती बाळी माझ्या नाकात होती. मग काढली, पण पोरं विसरली नाहीत. बैलाचं नाकही तिथंच टोचतात. "ए, येसण कुठं इसरलास रं?" पुढं उमरग्याला दुकानात ट्रकवाल्यांनीही तेच धरलं. "मालकानं येसण काढून मोकळं सोडलं व्हय तुला?" असं म्हणायचे आणि वर चहा पाजायचे. मीही हसायचो. काय करणार.

पण तू कधी हसली नाहीस. तू चुलीपुढं बसली आहेस, तव्यावर भाकरी आहे, आणि तेलाचा अंगठा माझ्या नाकाखाली लावून तू ती पट्टी वर दाबून धरतेस. भाकरी करपल्याचा वास येतो तरी सोडत नाहीस. "म्याच वाटोळं केलं लेकराच्या नाकाचं. जगलास खरं, पण नाक उतरलं." मी मान सोडवून पळतो. शेवटच्या दुखण्यात तुला नीट बोलताही येत नव्हतं, तेव्हासुद्धा तुझा अंगठा माझ्या नाकाशी आला होता. मी तेव्हा बाप झालो होतो. त्या अंगठ्यात आता जोर नव्हता.

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी नातीचं नाक बाजूनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "आजोबा, हे तर तुमच्याकडूनच आलेलं दिसतंय." मी म्हणालो, "न्हाय बाई, माझं जन्माचं न्हाय. नवसाच्या बाळीनं ओढलंय." त्या हसल्या नाहीत, तेवढं बरं वाटलं. "बाळीनं ओढलं असतं तर तुमचंच ओढलं असतं ना. नातीला कुणी टोचलंय?" मी नातीच्या नाकाकडं बघितलं. "एवढ्याशा बाळीनं असं होत नाही. हे जन्माचंच असतं, घराण्यात येतं. तुमच्या आईचं होतं का असं? की वडिलांचं?"

वडिलांचं नाक मला पक्कं आठवतं, बसकं, मधली पट्टी दिसायचीही नाही. तुझं आठवेना. बस स्टँडवर येईपर्यंत आठवत राहिलो, घरी येऊन डोळे मिटून बसलो. तुझे हात आठवतात, कपाळावरची विभूती आठवते, पण नाकाशी आलो की ती बुलाक येते आणि तिच्या आड काही दिसत नाही. तुझा एक फोटोही कुणी काढला नाही. तुझं नाकही लहानपणीच टोचलेलं. बुलाकीशिवाय तू स्वतःला तरी कधी नीट पाहिलंस की नाही, कोण जाणे.

एकदा पाहायला मिळालं असतं. आपल्यात बसवून पुरतात, तसं तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आत्यानं सगळ्यांदेखत तुझी बुलाक काढली आणि मला म्हणाली, "बघून घे रं बाबा एकदा तोंड." म्या न्हाय बघितलं, अव्वा. मी तुझ्या पायांकडं बघत राहिलो. धीरच झाला नाही.

हे नाक तुझं आहे असं कळलं, तर पोरीला थांब म्हणेन, असं नाही. तिला तिचं तोंड आवडू दे. पण जे जाणार आहे ते कुणाचं, ते जाण्याआधी मला कळावं. आणि तू घातलेल्या बाळीनं काही वाटोळं केलं नव्हतं, हे तुलाही कळावं. हा कागद टाकायचा कुठं, मला माहीत नाही. घडी करून उशीखाली ठेवतो. परवा सकाळी तिला आत नेतील. तुझ्या नाकात आता बुलाक नाही. एकदा बोट लावून बघ आणि लवकर कळव.