न दिसणारी बाजू

ला शो-द-फों,
बुधवार, २७ ऑक्टोबर २०१०

चि. न्युमा यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं ईस्टरचं कार्ड वेळेवर पोचलं होतं. उत्तर लिहायला झाडांची पानं गळून जावी लागली. रागावायचं असेल तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. का ते पुढे कळेलच.

इकडे सगळं ठीक. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. जिन्यातला दिवा तीन आठवडे बंद आहे आणि घरमालक रोज "उद्या बघतो" म्हणतो. बर्फ एकदा पडून वितळलं. शनिवारी शेजारची मंडळी मला सॉसेज भाजायला वर कुरणात घेऊन गेली होती. राखेत कोबीच्या पानात गुंडाळून नीट ठेवलं होतं, तरी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं. आगीजवळ बसायला आता तू नाहीस, चालायचंच.

उतरताना जेंशियनच्या वाळलेल्या दांड्या दिसल्या. तोडल्या जुडीभर. अडुसष्टाव्या वर्षी उतारावर वाकून त्या कशाला तोडल्या म्हणशील, तर मलाही सांगता येणार नाही. आई आपल्याला त्या तोडायला न्यायची तेव्हा मी कुरणातल्या गाईंनाच घाबरायचे आणि तू म्हणायचास, "ताई, गाईसुद्धा या झाडाला तोंड लावत नाहीत, तुला काय खाणार?" आई म्हणायची, कडू झाडाच्या लाकडानेच धातूला गोड चकाकी येते. त्या दांडीचं टोक तासून, लेप लावून ती घड्याळाच्या यंत्रातल्या पट्टीची कड घासायला लागली की आपण दोघं श्वास रोखून बघायचो.

काल टपालखात्याने दरही वाढवले.

हे मी टाळते आहे, नाही का? बरं. मुद्द्याचं लिहिते.

कस्टमवाल्यांसाठी मी अधूनमधून काम करते हे तुला ठाऊक आहे. ते नकली घड्याळं पकडतात, मी उघडते, नकली असल्याचं लिहून देते आणि सगळी दाबयंत्राखाली जातात. बहुतेक तर उघडावीही लागत नाहीत, हातात घेतलं की वजनच चुगली करतं. गेल्या आठवड्यात मात्र एक आलं. आपल्या कंपनीचंच मॉडेल, जिथे तू एकतीस वर्षं काढलीस आणि मी चौतीस. सोन्याची केस, वजन बरोबर, तबकडी बरोबर. लोझानचा एक दातांचा डॉक्टर इटलीहून परतताना पकडला गेला. घड्याळ खरंच आहे असा त्याचा हट्ट होता, म्हणून उघडताना तो वकिलासह समोर बसला होता.

खोटं असल्याचं मला केसवरच्या क्रमांकावरून कळलं. तो क्रमांक कंपनीने कधी कुणाला दिलाच नव्हता. तसं सांगितल्यावर डॉक्टरने विचारलं, "बाई, किती अंतरावरून हे खोटं दिसतं?"

मी म्हटलं, "मनगट हातात धरून भिंग लावलं तरी कुणाला कळणार नाही."

"मग परतच द्या की. माझ्या इतक्या जवळ कुणी येतच नाही."

वकील हसला. तो स्वतः हसला नाही. मला त्याची दया आली म्हणून मी त्याला सांगितलं, की आतलं काम कंपनीच्या आजच्या घड्याळापेक्षा सरस आहे. तर म्हणाला, "पण नाव खोटं ना? मग त्या कामाचं मी काय करू?" आणि कोट घालून निघून गेला. बायकोच्या भावाकडे खरं आहे म्हणे.

मग मी एकटीच बसले आणि घड्याळ पूर्ण खोललं. न्युमा, पट्टीच्या कडांचे आतले कोपरे सुरीसारखे होते. यंत्राला तो कोपरा जमत नाही, ते गोल करून सोडतं, हे तुला मी काय सांगू. तिथवर मी मनाची समजूत घातली, की असे हात इटलीतही असतील. मग पट्टी उलटी केली.

खालची बाजूही घासलेली होती. तसेच कोपरे, तशीच चकाकी. जी बाजू घड्याळ बंद झाल्यावर परमेश्वरालाही दिसत नाही. नकली माल करणारा कोण शहाणा तिथे दोन दिवस घालवील? आणि घासल्याच्या रेषा उजवीकडून डावीकडे, डावखुऱ्या हाताच्या.

मी भिंग खाली ठेवलं आणि पाणी प्यायले.

तुला पकडून द्यायला तुझी सहीच हवी होती असं नाही. आईने लावलेली सवय पुरली. "खालची बाजू बघणारा कुणी नसतो, म्हणून तीच आधी करायची," हे ती आपल्याला सांगायची तेव्हा तिला काय माहीत, की एक दिवस मुलगा त्यापायी तुरुंगाच्या दारात उभा राहील.

कस्टमच्या त्या विभागाच्या शाते बाई तरुण आहेत, पण कच्च्या नाहीत. त्यांना कारागीर हवा आहे. म्हणाल्या, हाताचं काम असेल तर लिहा, कारण असे हात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि त्यांची यादी करायला आम्हाला एक दुपार पुरेल. अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. म्हणजे 'हाताचं काम' हे दोन शब्द मी लिहिले की आठवड्याभरात ते इटलीत, तोरिनोला तुझ्या दारात.

तू हे का केलंस ते विचारत नाही. पन्नाशी उलटलेल्या, फक्त कडा घासता येणाऱ्या माणसाला कामावर कोण घेतं, हे मला दिसत होतं. नोकरी गेल्यावर दोन वर्षं तू सुपरमार्केटमध्ये खोकी रचलीस. मला भेटायला यायचास तेव्हा हात खिशातच ठेवायचास.

आता दुसरी गोष्ट. ही अकरा वर्षं सांगायची राहिली आहे.

तुमचा कडा घासायचा विभाग बंद करायच्या आधी डायरेक्टरने मला वर बोलावलं होतं. टेबलावर मखमलीवर सहा पट्ट्या मांडलेल्या. तीन तुझ्या, तीन नव्या यंत्राच्या, सगळ्या मिसळलेल्या. म्हणाला, "एलियान, वेगळ्या करून दाखव. तुला जमलं तर हा विभाग राहील." तपासणीची मुख्य मी, माझा शब्द कागदावर जाणार होता. मी भिंगसुद्धा उचललं नाही. बसायच्या आधीच तुझ्या तीन मला ओळखू आल्या होत्या.

तो मात्र बोलतच राहिला. "गिऱ्हाईक भिंग घेऊन थोडंच फिरतं? ते लोकांच्या तोंडाकडे बघतं. त्याला नाव पुरतं." मग माझ्या पेन्शनला सहा वर्षं राहिली असल्याचं त्याने सहज म्हणून सांगितलं. मी भिंग लावलं, बराच वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, नाही जमत. कागद तयारच होता. त्यावर एकच ओळ: 'हाताच्या व यंत्राच्या कामात फरक आढळत नाही.' मी सही केली.

त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात बसला होतास. कॉफी तशीच गार झाली. "ताई, कुणी सही केली असेल गं?" असं तू मलाच विचारलंस. "असेल कुणीतरी वरचा," असं म्हणून मी तुझ्यापुढे केक सरकवला.

पेन्शनची भीती होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. आई म्हणायची, "हात न्युमाचा, डोळा एलियानचा." लोकांना ते कौतुक वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही. तू केलेलं आयुष्यभर नुसतं बघत बसायचं, यात कौतुक कसलं? माझी एकही पट्टी तिने खिडकीपाशी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली नाही. त्या दिवशी मखमलीसमोर बसल्यावर मला वाटलं, आज या हाताला माझ्या डोळ्याची गरज आहे. बरं वाटलं मला, न्युमा. क्षणभरच, पण वाटलं. हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

शुक्रवारचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पत्र पाकिटात घालत नाही.

शुक्रवार, दुपार

दिला अहवाल.

सकाळी शाते बाईंच्या टेबलाशी बसून भरला. क्रमांक खोटा, नाव खोटं, सोनं खरं. मग रकाना आला, कामाचा प्रकार. माझं पेन थांबलं. खरं लिहावं असं फार वाटलं, तुला खोटं कशाला सांगू? तुझ्या हाताबद्दल एकदा तरी सरकारी कागदावर खरं लिहिलं जावं. 'असं काम मी माझ्या आईनंतर एकाच माणसाचं पाहिलं आहे.' वाक्य तयार होतं.

शाते बाई म्हणाल्या, "हाताचं आहे ना? मला तरी तसं वाटतं."

मी म्हटलं, "वाटतं खरं. हल्लीची यंत्रं फार पुढे गेलीत."

"खालची बाजूसुद्धा?"

"यंत्राला वर काय नि खाली काय."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "तुमचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द, बाई." आणि मी लिहिलं: यंत्राचं काम. हाताच्या व यंत्राच्या कामात फरक आढळत नाही.

अक्षरन् अक्षर तेच. पहिल्या खेपेला त्या ओळीने तुझी भाकरी गेली, या खेपेला तू वाचलास. दोन्ही खेपांना ती खोटीच होती, आणि दोन्ही खेपांना लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

घड्याळ अकरा वाजता दाबयंत्राखाली गेलं. साक्षीदार म्हणून मला उभं राहावं लागलं. आवाज अगदी लहानसा झाला. इतर दीडशेंबरोबर तेही चपटं झालं आणि त्यातलं तुझं कोणतं, ते मग मलाही ओळखता आलं नाही.

त्यानंतर मी शाते बाईंना सांगितलं, की मला आता बारीक दिसत नाही, दुसरं कुणी बघा. त्यांना वाईट वाटलं. पुढचं घड्याळ दुसरं कुणी उघडेल आणि पट्टी उलटी करील, तेव्हा मी तिथे नसेन. म्हणून हे काम सोड. खालची बाजू न घासता तशीच ठेव असं मी तुला सांगणार नाही, ते तुला जमायचं नाही.

जिन्यातला दिवा आज लागला. मागची खोली रिकामी आहे, खिडकी दक्षिणेची आहे. आईचं कामाचं बाक मी विकलेलं नाही. जेंशियनची जुडी त्याच्यावर ठेवली आहे. गावात जुनी घड्याळं घेऊन येणारे अजून आहेत, नाव खोडून गेलेली, कुणाच्या आजोबांची, बाजारात किंमत नसलेली. पैसे फारसे सुटणार नाहीत. ये किंवा येऊ नकोस. सहीबद्दल वाचल्यावर माझं तोंडही बघावंसं वाटलं नाही, तरी मला ते समजेल.

पण तुझ्या मनात एक राहिलं असेल, की आपलं काम खरंच कुणाला वेगळं दिसत नव्हतं, म्हणून आपण गेलो. तसं नव्हतं रे.

दोन्ही वेळा जिला फरक दिसला ती,
तुझी ताई
एलियान