एकास बारा

मेहरूण, जळगाव
६ जुलै २०२५

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र लावायचं नाही असं तुम्ही ठरवल्यापासून फोन संपला आणि मला पत्रं लिहायची सवय लागली. काकूने पाठवलेला मसाला पोचला. डोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे चांगला आहे.

यंदा माझ्याकडे नववीचं गणित आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, की धडा शिकता शिकता मुलांनी गावाच्या उपयोगाचं एखादं काम करावं. त्याला सेवाधारित शिक्षण म्हणतात. बाकीच्या शाळा झाडू मारणार आहेत. मी गुणोत्तराचा धडा घेतला. इथल्या दवाखान्याला चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधलाय. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, असा नियम. मुलांनी टेप लावली, तर तीन फूट चढ आणि लांबी नऊ. तेजसने एकास तीन हे उत्तर काढलं आणि विचारलं, की याला घसरगुंडी म्हणायचं का. मी पूर्ण गुण दिले.

मुलं महापालिकेला अर्ज देणार आहेत. मुख्याध्यापक तोताराम सर म्हणाले, की अर्ज नम्र असावा आणि त्यावर शाळेचं नाव नसावं.

तुमची माया आहेच, तीत खंड नको.
आपली पुतणी,
कोकिळा

धुळे
१४ जुलै

चि. कोकिळास,
अ. उ. आ.

मी आयुष्यभर गुणोत्तर दूध-पाण्यावर शिकवलं. त्यात कोणाला खरचटलं नाही आणि दूधवाल्यांतही काही सुधारणा झाली नाही. तेव्हा तुझी पद्धत वाईट म्हणवत नाही.

पण एक विचारतो. उतार मोजणारे सगळे दोन पायांवर चालणारे. ज्याला त्यावरून जायचं त्याला कोणी विचारलं का? उदाहरण सोडवण्याआधी ते कोणाचं आहे हे बघावं.

काकू म्हणते, मसाला जपून वापर. मी म्हटलं, पोरगी मास्तरीण शे, तिला काय सांगायचं. ती म्हणाली, म्हणूनच.

आशीर्वाद कायम आहेत.
नाना

मेहरूण
२९ जुलै

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. आमच्याच वर्गात मिसबाह आहे. लहानपणीच्या आजाराने पाय गेले, चाकांच्या खुर्चीत येते. तिला विचारलं, तर ती आनंदाने तयार झाली. शनिवारी उतारावर गेलो. मागे दोघं धरून होते, पण रात्रभर पावसाची झड होती आणि फरशी गुळगुळीत. अर्ध्यावर दोघांचे पाय घसरले, खुर्ची मागे आली आणि मिसबाह उजव्या हातावर पडली. कोपराजवळ हाड मोडलं. दवाखाना समोरच होता. तिथवर तिला उचलून न्यावं लागलं.

तिचे वडील नूर महंमद यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते शाळेत आले, आवाज चढवला नाही. माझी मुलगी तुमच्या धड्यातलं उदाहरण नाही, एवढं म्हणाले आणि तिचं दप्तर घेऊन गेले. आता ती शाळेत येणार नाही.

तोताराम सरांनी मला लेखी खुलासा मागितलाय. तीनदा लिहून फाडला.

कोकिळा

धुळे
३ ऑगस्ट

चि. कोकिळास,
अ. उ. आ.

सल्ला माझा होता, तेव्हा खुलाशात माझंही नाव घाल. मी निवृत्त आहे, माझं काही वाकडं होणार नाही.

त्यांच्या घरी जा. मुलांना सोबत ने. फळांची पिशवी नेऊ नको आणि बाजू मांडू नको. ते बोलतील ते पूर्ण होऊ दे. मला ऐकू येत नाही म्हणून सांगतो, जाऊन ऐक.

काकूने आज मला दोनदा वाढलं आणि स्वतः जेवली नाही. तुझं पत्र तिने वाचलंय.

नाना

मेहरूण
२४ ऑगस्ट

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

गेलो. मिसबाहच्या आजी अमिनाबी यांनी चहा दिला. नूरभाईंनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, की तुम्ही सगळ्या गावाच्या आजाऱ्यांसाठी उतार मोजता, आणि शाळेची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे. मिसबाहने ती अजून पाहिलेली नाही. ती प्रयोग मैत्रिणींचे बघून उतरवते.

नाना, मी तिच्या प्रयोगवहीला चांगला शेरा मिळालेला पाहिला होता. तो प्रयोग तिने कुठे केला, हे मला सुचलंच नव्हतं. मिसबाह म्हणाली, की कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून जिना मोजला. अकरा फूट. म्हणजे उतार एकशे बत्तीस फूट. ऋतिकाने नकाशा काढला, तर टोक फाटकातून बाहेर पडून पानटपरीत शिरलं. मग तीच म्हणाली, की मिसबाह वर जात नसेल तर प्रयोगशाळा खाली आणावी. खाली एकच मोठी खोली आहे, संस्थेच्या अध्यक्षांची. ती वर्षातून दोनदा उघडते. आत सोफा आहे.

त्या खोलीसाठी अर्ज घेऊन मुलं तोताराम सरांकडे गेली. सरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यांची निवृत्ती जवळ आलीय आणि अध्यक्ष रागीट आहेत. सरांनी अर्जावर शाळेचा शिक्का मारला, खाली सही केली आणि स्वतः अध्यक्षांकडे घेऊन गेले. आल्यावर दोन ग्लास पाणी प्यायले.

काकूला जेवायला सांगा.
कोकिळा

मेहरूण
१२ ऑक्टोबर

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

दवाखान्याचा उतार पाहून महापालिकेचे लोक गेले. ते पुन्हा पाहायला येणार आहेत.

सोफा मात्र वर गेला. अध्यक्षांनी आधी नकार दिला. मग मुलांनी त्यांना जिन्याचं गणित समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पानटपरीचं काय होणार असं विचारलं, मग स्वतःच हसले, आणि तिथेच त्यांचा राग संपला. प्रयोगशाळेचे ओटे उंच होते, म्हणून नूरभाईंनी खुर्ची आत सरकेल असं लोखंडी टेबल करून दिलं. टेबल ठेवायला आले आणि मिसबाहचं दप्तरही घेऊन आले.

काल तिचा पहिला प्रयोग झाला. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून तास माझ्याकडे होता. आम्लात लिटमस बुडवायचा होता. तिने परीक्षानळी घाईने उचलली आणि फोडली. आम्ल टेबलावर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिला ओरडले, इतर कोणाला ओरडते तेवढंच, आणि काचा उचलल्यावर पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

ती तोंड पाडून बसली होती. पण शेजारच्या तेजसला हळूच म्हणाली, की मॅडम मला ओरडल्या, आणि नंतर तासभर ती हसू दाबत होती.

दिवाळीला येते. तोवर लोभ राखून ठेवावा.

आपली,
कोकिळा