हिच्या नावावरची पावलं

सोमवार, ३ मार्च

हिचा पट्टा आज आला. घड्याळासारखा मनगटावर बांधायचा. पावलं मोजतो, नाडी मोजतो, आणि जे मोजेल ते परस्पर रुग्णालयाला कळवतो. लेकीने तिकडे दुसऱ्या शहरात बसून आईचं नाव घातलं. बारा आठवड्यांचा कार्यक्रम, सगळा घरबसल्या. आठवड्यातून दोनदा मोबाईलवर व्यायामाच्या बाई दिसणार, बाकी रोज आपलं आपण चालायचं. दर रविवारी रक्तदाब घेऊन तो आकडाही पाठवायचा. त्याचं यंत्र पट्ट्याबरोबरच आलंय.

मागच्या महिन्यात तपासणी केली तेव्हा हिचं काहीच ताळ्यावर नव्हतं. दाब वर, साखर काठावर, रक्तात चरबी, कमरेचा घेर अडतीस इंच. डॉक्टर म्हणाले, "याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आजार म्हणावा असा अजून नाही. पण बऱ्याच आजारांच्या दारात तुम्ही खुर्ची टाकून बसलायत."

जिना उतरताना ही म्हणाली, "बसायला तरी दिलंय ना. उभं राहायला वेळ कुणाला आहे?"

बुधवार, ५ मार्च

पहिला वर्ग. मोबाईलच्या पडद्यावर दहा चौकोन, दहा घरं. कुणाच्या मागे कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. व्यायामाच्या बाई लेकीच्याच वयाच्या. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं होतं. हिने सातव्याला टेबल धरलं. "काकू, श्वास रोखू नका हं," बाई म्हणाल्या. शेवटी कमरेचा घेर मोजायला सांगितला. हिच्या गळ्यात मापाची टेप होतीच. हिने सांगितलं – सदतीस.

नंतर मी म्हटलं, "अडतीस होता ना?"

"एक इंच शिवणीत धरला," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

शनिवार, ८ मार्च

व्यायामाच्या बाईंचा फोन. काल अकराशेच पावलं पडली. संध्याकाळी लेकीचा फोन, ती तर भडकलीच. "आई, मी इतकी धडपड करून नाव घातलं..." ही फोन खांद्यात धरून कॉलर उलटवत होती. दोन शाळांचे गणवेश शिवायचे आहेत, जूनच्या आत. सकाळी सहाला बसते ती जेवणापुरती उठते.

"दिवसभर पाय हलतात की माझे पायडलवर," मला म्हणाली. "ते का मोजत नाही हा मेला?"

रविवार, ९ मार्च

दाब १४८ – ९४. पाठवला.

सकाळी पिशवी घेऊन दुधाला निघालो तर हिने माझा हात धरला आणि पट्टा माझ्या मनगटाला बांधला. "जाताच आहात तर हे घेऊन जा. आणि जवळच्या दुकानातून नको, पलीकडच्या आणा."

मी हसलो. ही पण हसली. चार हजार दोनशे पावलं झाली.

सोमवार, १० मार्च

आजही.

मंगळवार, १८ मार्च

आता रोजचंच झालंय. सकाळी पुलापर्यंत, संध्याकाळी बाजाराला वळसा घालून. छापखाना जुलैत बंद पडला, तेव्हापासून मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. एकतीस वर्षं मशीन चालवलं तिथे. आज गेलो. शटरवर कुणीतरी शिकवण्यांची जाहिरात चिकटवली आहे – वाईट छपाई, निळी शाई फुटलेली. थोडा वेळ थांबलो. मग पट्टा थरथरला. फार वेळ उभं राहिलं की तो थरथरतो. चालू लागलो.

दुपारी व्यायामाच्या बाईंचा हिला फोन. "काकू, कमाल केलीत! रोज सात हजार! आमच्या गटात तुम्ही पहिल्या." हिने तोंडावर गणवेशाचं कापड दाबून धरलं होतं.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "अभिनंदन हो काकू." दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. कुणी शाबासकी दिल्याला फार दिवस झाले होते.

बुधवार, २ एप्रिल

वर्गात ही दहा मिनिटं दिसते. मग "नेट गेलं बहुतेक" असं म्हणून कॅमेरा बंद करते. आवाजही बंद, नाहीतर मशीन ऐकू जाईल.

रविवार, ६ एप्रिल

दाब घ्यायचा होता. हिच्या ओठांत टाचण्या, मांडीवर सहा पँटींचा ढीग. "मागचाच पाठवा," म्हणाली. "दोनचार कमी करून."

१४० – ८८ पाठवला. तीन मिनिटांचं काम होतं. यंत्र टेबलावरच होतं.

रविवार, १३ एप्रिल

१३६ – ८६. या खेपेला हिला विचारलंही नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आज डॉक्टर स्वतः मोबाईलवर. सहा आठवडे झाले म्हणून. मी दारात उभा होतो, पडद्यावर दिसणार नाही असा.

"चालणं उत्तम आहे. दाबही उतरतोय," डॉक्टर म्हणाले. "दाबाची गोळी सुरू करायचा विचार होता, पण आता घाई नको. बारा आठवडे पुरे होऊ देत, मग तपासू."

हिने माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे. "बरं डॉक्टर," ही म्हणाली.

संध्याकाळी मी म्हटलं, "सांगून टाकू या."

"काय सांगायचं? ऑर्डर गेली की मी चालते ना. जूनपासून रोज. तुमची शपथ."

रोजच्या आठ हजारांत सहाशे कमी होती, म्हणून पुन्हा बाहेर पडलो.

गुरुवार, २४ एप्रिल

पुलाजवळ एक चांभार बसतो. रोज जाताना हात करतो. आज म्हणाला, "साहेब, तुमची तब्येत सुधारली. चेहरा उजळला." चपलेची टाच घासली होती, ती बसवून घेतली. पँट सैल झाली आहे. हिला म्हटलं, एक इंच आत घे. म्हणाली, "रांगेत या. पुढे शंभर पोरं आहेत."

पण रात्रीच्या जेवणाआधी घेऊन ठेवली होती.

मंगळवार, २९ एप्रिल

आज म्हणाली, "चालून आलात की शर्टांना बटणं लावाल का? चाळीस राहिलेत."

म्हटलं, "डोळ्यांना नीट दिसत नाही." दिसतं. छापखान्यात केसाएवढी रेघ सरकलेली मला दिसायची. बायकी काम वाटलं, इतकंच. शिवाय चालायला उशीर होत होता.

बटणं तिनेच लावली.

मंगळवार, ६ मे

हिचं डोकं दुखतंय कालपासून. "डोळ्यांवर ताण आलाय," म्हणते. मी म्हटलं, दाब बघू. "एवढी बाही होऊ दे." बाही झाली, मग दुसरी घेतली. मीही यंत्र पुन्हा कपाटात ठेवलं.

गुरुवार, ८ मे

मी पुलावर होतो. पाच हजार नऊशे झाली होती – मुद्दाम बघितली होती, म्हणून आठवतंय.

परत आलो तर मशीनचा आवाज नाही. मधल्या खोलीत ही खाली पडलेली, एक हात स्टुलाच्या पायाला. सुईखाली अर्धी शिवलेली खिशाची कड. श्वास होता, घोरल्यासारखा. हाका मारल्या. डोळा उघडला, एकच. शेजारच्या टॅक्सीवाल्याने उचलायला मदत केली. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इतकं जड.

मेंदूत रक्तस्राव झालाय. नर्सने विचारलं, "दाबाची गोळी चालू होती?"

"नाही."

एक तरुण डॉक्टर संगणकावर हिची नोंद बघत होते. कपाळाला आठी. "रोज आठ हजार पावलं. दाब एकशे तीस. मग हे असं कसं?" स्वतःशीच म्हणाले.

मी शर्टाची बाही खाली ओढली. पट्टा झाकला.

शुक्रवार, ९ मे

लेक पहाटेच्या गाडीने आली. शुद्ध नाही.

शनिवार, १० मे

शुद्ध नाही. तिच्या बोटांना टाचण्यांचे टोचे आहेत. आजवर मी मोजले नव्हते.

रविवार, ११ मे

रुग्णालयाच्या व्हरांड्यात असताना हिचा फोन वाजला, माझ्या खिशात. व्यायामाच्या बाई. "काकू, तीन दिवस पावलं फार कमी दिसतायत. बरं आहे ना सगळं? कंटाळा नका करू हं, आता शेवटचे दोनतीन आठवडे."

पट्टा अजून माझ्याच हाताला होता. बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत – ती पावलं दिसत होती त्यांना.

"तिला बरं नाही," एवढंच म्हणालो.

मंगळवार, १३ मे

सकाळी सव्वासहाला गेली.

शनिवार, १७ मे

ऑर्डरवाला येऊन तयार गणवेश घेऊन गेला. मोजताना त्याचा आवाज अगदी हळू होता. सव्वीस शर्ट राहिलेत, ते दुसरीकडे देतो म्हणाला. मी म्हटलं, बटणं लावायची राहिली असतील तर मी लावून देतो. तो म्हणाला, "काका, बटणं सगळी लागलीत. राहिलंय ते नुसतं कापड."

मंगळवार, २० मे

व्यायामाच्या बाईंना मी स्वतः फोन केला. म्हटलं, पट्टा परत कुठे द्यायचा? त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "काका, इतक्या मनापासून करायच्या हो काकू. मी गटातल्या सगळ्यांना त्यांचंच उदाहरण द्यायची."

मी म्हटलं, "ती पावलं माझी होती."

त्यांना वाटलं दुःखात काहीतरी बोलतोय. "हो काका, तुम्ही बरोबर जायचात ना," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, सगळं. पट्टा, दाबाचे आकडे, कॅमेरा. त्या रडायला लागल्या. "मला फोन करून एकदा तरी सांगायचंत. मी रागावले नसते हो. गोळी तर सुरू झाली असती."

हेच मला नेमकं कुणीतरी बोलायला हवं होतं. बोलल्यावर सोसवलं नाही.

शुक्रवार, २३ मे

दिवसभर मधल्या खोलीत. मशीनच्या समोरच्या स्टुलावर बसलो. तिथून खिडकी दिसत नाही. रस्ता दिसत नाही. सकाळी सहापासून हीच भिंत बघत बसायची ती, आणि मी येऊन सांगायचो, पुलावर आज वारा छान होता.

चालायला वेळ नाही म्हणाली, तर मी चालायचं काम घेतलं. शिवायचं नाही घेतलं. कडा दुमडायला, धागे कापायला, इस्त्री करायला काय लागतं? दोन तास मोकळे केले असते तर तिचं ती चालली असती.

लेक सोमवारी जाणार. तिला अजून ठाऊक नाही. तिला वाटतं आई नेमाने चालत होती आणि तरी गेली. परवा शेजारणीला तेच सांगत होती. आईचं नशीबच तसं, म्हणत होती. मी आत ऐकत होतो.

सांगायला हवं. मग तिने पुन्हा या घरी पाऊल टाकलं नाही तरी चालेल.

रविवार, २५ मे

सांगितलं. लेक आईचे कपडे पेटीत भरत होती. ऐकता ऐकता थांबली नाही, एकेक घडी करत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. मार्चपासून. आईनेच सांगितलं होतं. शेजारणीला नशीब म्हटलं, ते तुम्ही आत ऐकत होतात म्हणून. मी चिडले, रुग्णालयाला कळवते म्हणाले. तर म्हणाली, कळवू नकोस, पट्टा काढून घेतील. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस सकाळी उठून चपला घालतोय. तुझ्या बाबांना आधी उभं राहू दे, माझं जूनमध्ये बघू."

पेटीचं झाकण तिच्याने लागेना. मी एका बाजूने दाबलं.

"आणि मी बरं म्हटलं, बाबा," ती म्हणाली.