तांदळातलं नाव

उस्मानपुरा. मंगळवार, १२ मार्च, संध्याकाळ

नागरिकत्वाचा अर्ज आज परत आला. माझ्या कराचीच्या पासपोर्टवर शालिनी आहे आणि अर्जावर वैजयंती. कारकून म्हणाला, "बाई, ह्या तर दोन बाया झाल्या."

चूक आमचीच. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं वैजयंती लिहिलं. आठ वर्षं तेच वापरलं, अर्जातही तेच घातलं. आता त्या तांदळाचा दाखला कुणाकडं मागायचा?

कारकुनानं वाट सांगितली. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दे की मग. सासरचं नाव हाय ते, टाकू नाय."

कराची सुटली, आई सुटली. आता नावही मीच सही करून सोडायचं? का म्हणून?

मी कोरा अर्ज घेतला आणि शालिनी लिहिलं. ह्यांनी वाचून विचारलं, "मग घरात काय हाक मारू?"

"कोणतीही मारा. पण देश मागायचा तर मी माझ्या नावानं मागणार."

सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीत. नसू देत. ते तांदूळ लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिजले होते. त्यांनीच वाढले होते.