प फ ब भ म

३ डिसेंबर, मंगळवार
झोप नाई. आज सहा दिवस झाले. डावा डोया मिटतच नाई — लाईट बंद केला तरी उघडाच! पाणी गयते. वरून फडकं बांधलं तं आचलनं ओढलं. अडीच मयन्याची हाय, तिले काय समजते.
मांगल्या बुधवारी उठली, चूळ भरली, तं सारं पाणी डाव्या अंगानं साडीवर. आरशात पाह्यलं. तोंड उजवीकडे ओढलेलं. मीच मले भेली.
सासूबाई म्हणे लकवा. बाळंतिणीनं कान बांधल्याबिगर बाहीर जाऊ नाई, सांगतलं होतं का नाई?

५ डिसेंबर
हे हिंगणघाटच्या जिनिंगमधून एक दिवसाची सुट्टी काढून आले. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे लकवा नोहे, तोंडाची नस सुजली, बहुतेक बरी होईन. गोया देल्ल्या, डोयाचे थेंब देल्ले.
व्यायामवाल्या म्याडमनं कागदावर तोंडं काढून देल्ली — भुवया वर, गाल फुगवा, ओठाचा चंबू, फुंकर. अन् आरशासमोर रोज म्हणाचं, प फ ब भ म. हेच पाच मले येत नाईत. ओठच मियत नाईत. पाणी म्हणाले गेली का हाणी निघते. हे हासले.

११ डिसेंबर
बोटानं ओठाचा कोपरा वर ढकलते. सोडला का पडते. भुवई तं दगडच. सातवीपर्यंत शायेत गेली, तवा कोणी म्हटलं असतं का लेकराची माय झाल्यावर प शिकशीन!

१९ डिसेंबर
प निघाला. फुसका, पण निघाला.

२३ डिसेंबर
आज लय हासली. आचल मांडीवर होती. मी गाल फुगवले, तं तिनं ओठाचा चंबू केला! मी फुंकलं, तं तिच्या तोंडातून थुकाचा बुडबुडा. मी हासली — वाकडीच — तं ते बी एकाच अंगानं हासली. लेकरू पाह्यते तसंच करते.
सासूबाई दारात उभी होती. पोरीले उचलून घेऊन गेली.

२६ डिसेंबर
पोरगी आता पाजाच्या येळीच भेटते. सासूबाई सांगत फिरून राह्यली का सून आरशासमोर मंतर म्हणते, लेकराच्या तोंडावर फुंकते.
"तिचं तोंड सरळ होऊन राह्यलं, अन् माह्या नातीचं वाकडं होऊन राह्यलं."
खरंच माहा डोया आता अर्धा मिटते. मी बरी होऊन राह्यली, तेच माह्यावर आलं.
डाग देणारा तानबा येऊन गेला. सोमवती अमावस्येले इळ्याचं टोक तापवून पोरीच्या गालावर लावणार. मी नाई म्हटलं, कितीकदा म्हटलं. सासूबाई म्हणे, तुह्यं बोलणं समजत नाई. ह्यायले फोनवर रडून सांगतलं. म्हणे, "आईले कळते. तू उगी राह्य."

२७ डिसेंबर
सासूबाई न्हाणीत गेलती. तिच्या फोनवरून माह्या भावाले लावला, पुलगावले. नाव भूपेंद्र. भ बी त्यातच, प बी त्यातच. भेव होतं, तं जे येत होतं तेई गेलं.
"कोण बाई? तोंडात पान हाय का? राँग नंबर लागला."
ठेवला त्यानं. तेवढ्यात सासूबाई आली, मंग फोन पेटीत गेला, कुलपात.

२८ डिसेंबर, शनिवार
आशाताई आचलचं टीक्याचं कार्ड मांगाले आली. सासूबाई मधात बसली हाय. हे पान फाडून कार्डात घालून देते. परवा सकायी तानबा पोरीले डाग द्याले येणार. भावाचा नंबर मागं लिहिला. तो इचारन कोण, तं सांगजो, तुही बहीण वर्षाली, गाडी घेऊन ये. पोरीचा गाल अजून साफ हाय. जो कोणी वाचन, त्याले फोन करजो.