मनीची वाटी

लातूर. शनिवार, दिवेलागणीची वेळ.

आज हौद उपसला. सकाळी झाकण काढलं तर आत मनी. चार वर्षांची मांजर आमची, मेलेली.

टँकर आठ दिवसांनी येतो. लातूर जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, पाण्याची बोंब तशीच. म्हणून सोमवारपासून मीच तिची वाटी भरायची बंद केली. मांजराला लागतं कितीसं, पिईल कुठंतरी, असं मनाशी म्हटलं. आणि काल टँकरचा पाइप काढल्यावर हौदाचं झाकण पुरतं सरकवलं का मी? आठवत नाही. खरं तर आठवतंय. फट राहिली होती.

सासूबाई म्हणाल्या, "लई जीव लावू नको म्हणलं होतं की तुला." हे बादलीनं पाणी काढत राहिले.

ते पाणी आता कोण पिणार? परसात लिंबाखाली तिला पुरलं आणि सगळा हौद त्या झाडालाच घातला. आठ दिवसांचं पाणी. शेजारणी कुंपणापलीकडून नुसत्या बघत राहिल्या होत्या.

वाटी अजून चुलीमागं पालथीच आहे. पेलाभर पाणीसुद्धा मावत नाही तिच्यात.